घाबरून जाण्याचे कारण नाही

सरकारने ‘घाबरून जाण्याचे कारण नाही’ असं जाहीर केलं, की मराठी माणूस आधी घरात साखर किती उरलीय आणि गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, ते बघून येतो. सरकारवर त्याचा विश्वास नाही असं नव्हे. पण काही घडलंच नसेल तर सरकार आपणहून तोंड उघडत नाही, एवढं तो पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला असतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हे वाक्य दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर मिळत होतं. सकाळी पेपरात, दुपारी रेडिओवर, रात्री टीव्हीवर. आणि प्रत्येक मात्रेनंतर केमिस्टच्या दुकानापुढची गर्दी वाढत होती.

स्वाइन फ्लू तसा न सांगता आला नव्हता. एप्रिलमध्ये तो मेक्सिकोत होता, मे महिन्यात हैदराबादला देशातला पहिला रुग्ण सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं रीतसर महासाथ जाहीर केली. पुणेकर तोवर निवांत होता. मेक्सिको नकाशावर शोधावं लागतं. आणि हैदराबादचं म्हणाल, तर तिथली बिर्याणी इथं रुळायलाच किती वर्षं लागली!

शिवाय विमानतळावर बंदोबस्त होताच. परदेशातून उतरणाऱ्या प्रवाशाला ‘आपल्याला ताप, खोकला, घसादुखी आहे काय?’ असा छापील फॉर्म भरून द्यावा लागे. सोळा-अठरा तास पाय दुमडून बसलेला, घरचा वरणभात डोळ्यांपुढे तरळत असलेला माणूस त्या प्रश्नाला काय उत्तर देणार, हे फॉर्म छापणाऱ्यालाही ठाऊक असणार. साथ थोपवण्याची पहिली फळी आपण माणसाच्या खरेपणावर उभी केली होती, आणि तीही कस्टमच्या रांगेला लागून.

बाकीच्या जगानं फार मोठा शहाणपणा दाखवला असंही नाही. इजिप्तनं एप्रिल संपायच्या आत देशातली सगळी, म्हणजे तीन लाखांच्या आसपास, डुकरं मारायचा हुकूम काढला. तोवर तिथं या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता, आणि आजार पसरत होता माणसाकडून माणसाला. कैरो शहराचा ओला कचरा मात्र हीच डुकरं फस्त करत असत. डुकरं गेली, कचरा रस्त्यावर राहिला, आणि फ्लू जूनमध्ये यायचा तो आलाच. अफगाणिस्तानात तर सबंध देशात मिळून माहितीतलं एकच डुक्कर होतं. काबूलच्या प्राणिसंग्रहालयात, चीननं भेट दिलेलं. एरवी ते हरणं-बकऱ्यांबरोबर चरायचं. त्याला उचलून खोलीत कोंडलं. अहो, त्याला फ्लू द्यायचा म्हटलं तरी दुसरं डुक्कर नको का? इस्राएलच्या उपआरोग्यमंत्र्यांना डुकराचं नाव तोंडात घेणंच प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी ‘मेक्सिकन फ्लू’ म्हणावं असं सुचवलं. मेक्सिकोच्या राजदूतांनी त्यावर नाराजी कळवली. डुकरांच्या वतीनं नाराजी कळवायला कोणी नव्हतं.

आमच्या ओळखीच्या एका, अंड्यापुरत्या मांसाहारी, कुटुंबानं खबरदारी म्हणून अंडी बंद केली. फ्लू डुकराचा आणि अंडी कोंबडीची, हा मुद्दा त्यांना मान्य होता. पण २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हाची थोडी भीती शिल्लक होती. ती या वेळी वापरून टाकली.

आणि मग फ्लू पुण्यात आला. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून पुण्यात आहे, आणि ठिकठिकाणच्या रुग्णांच्या घशातले नमुने तेव्हा तपासायला इथं येत होते. ‘देशभरातले नमुने इथं येतात म्हटल्यावर मूळ प्रतही इथंच येणार,’ असं आमचे एक शेजारी सांगत. त्यांच्या आवाजात काळजी किती आणि अभिमान किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

३ ऑगस्टला एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. त्या घरावर जे कोसळलं त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि त्यानंतर शहर घाबरलं यातही काही वावगं नव्हतं. गंमत आहे ती घाबरल्यावर आम्ही सगळ्यांनी, म्हणजे जनतेनं आणि सरकारनं मिळून, जे काही केलं त्याची.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे रांग लावली. पुणे स्टेशनजवळचं डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालय एरवी पुणेकराला, तिथून जाताना रिक्षावाल्याला ‘जरा लवकर चला’ म्हणण्यापुरतं ठाऊक. त्या आठवड्यात अर्धं शहर तिथं लोटलं. त्यात खरोखर ताप असलेले थोडे, ताप येईल की काय असं वाटणारे पुष्कळ, आणि ‘आलोच आहोत तर आईंचंही दाखवून घेऊ’ म्हणणारे काही. गर्दीत जाऊ नका असं आवाहन ऐकलेली ही सगळी माणसं, आपण गर्दीत गेल्यामुळे आपल्याला काही झालं नाही ना, हे बघायला भर पावसात खांद्याला खांदा लावून उभी होती. रांगेत कोणी खोकलं की पुढचा एक पाऊल पुढं आणि मागचा एक पाऊल मागं सरके. रांग सोडून मात्र कोणी जात नसे. नंबर गेला असता ना! जीव जाईल की नाही याची खात्री नव्हती. नंबर जाईल याची होती.

खिडकीपाशी पोचल्यावर प्रत्येकाला दोनच गोष्टी हव्या असत. घशाची तपासणी आणि टॅमिफ्लू. टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध तेव्हा केमिस्टकडे विकायला नव्हतं. सरकारी साठ्यातून, ठरलेल्या रुग्णालयांतच मिळे. यामागे कारण होतं. लोक साध्या पडशाला ते खात सुटले, तर विषाणू त्या औषधाला सरावला असता. पण जी वस्तू दुकानात मिळत नाही ती रामबाण असलीच पाहिजे, हा आपला रेशनच्या रॉकेलपासूनचा अनुभव. सरकारी कोट्यातली वस्तू मिळवण्यात जे सुख आहे, ते ती वापरण्यात नाही.

त्यातच टॅमिफ्लू चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनवतात, अशी बातमी कोणीतरी छापली. बातमी खरी होती. पण चक्रीफूल आणि गोळी यांच्यामध्ये रासायनिक प्रक्रियांची मोठी साखळी असते, हा तपशील स्वयंपाकघरापर्यंत पोचेपर्यंत गळून गेला. ‘म्हणजे आपल्या मसाल्यातलंच की!’ असा शोध लागला आणि घरोघरी मसालेभाताला एकाएकी वैद्यकीय प्रतिष्ठा आली. मी एका घरी तो तिसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा यजमानीणबाई समाधानानं म्हणाल्या, “घ्या, घ्या. कोर्स पूर्ण करायचा असतो.”

व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा आपल्याकडे आलेलं नव्हतं. पण माणसाला ज्ञान वाटायचंच असेल तर साधन नडत नाही. तेव्हा एसएमएस होते. कापूर आणि वेलदोडे कुटून रुमालात पुरचुंडी बांधा आणि हुंगत राहा, म्हणजे विषाणू जवळ फिरकत नाही, असा एक निरोप आख्ख्या महाराष्ट्रात फिरला. कोणी त्यात ओवा घाली, कोणी निलगिरीचं तेल शिंपडी. पीएमपीच्या बसमध्ये चढलं की देवघरात शिरल्यासारखा वास यायचा. विषाणूवर त्याचा काय परिणाम झाला, यावर विषाणू संस्थेनं काही प्रसिद्ध केल्याचं माझ्या वाचनात नाही. वेलदोड्याच्या भावावर झालेला आमच्या वाण्यानं पुडीवर लिहून दाखवला होता.

मास्कची कथा याहून मोठी. सरकार सांगत होतं, मास्क सगळ्यांना लागत नाही. जो आजारी आहे आणि जो त्याची शुश्रूषा करतो, त्यांनी लावावा. याचा अर्थ पुणेकरानं असा लावला, की साठा कमी आहे म्हणून सरकार टाळतंय. पाच-दहा रुपयांचा मास्क बघता बघता कितीतरी पटींनी महागला. एन-९५ नावाचा मास्क तर हिऱ्याच्या खड्यासारखा आतल्या कपाटातून काढून दाखवला जाऊ लागला. हवेतले निदान ९५ टक्के सूक्ष्म कण तो अडवतो म्हणून ते नाव. आमच्या केमिस्टपुढे एका आजोबांनी, “उरलेल्या पाच टक्क्यांचं काय?” असा सवाल टाकला. तो पुण्यातच विचारला जाऊ शकतो. केमिस्टही पुण्यातलाच. म्हणाला, “ते श्वास घ्यायला ठेवलेत.”

आमच्याकडे मास्क कसा लावत, हाही एक अभ्यासाचा विषय होता. बोलताना तो हनुवटीवर येई, म्हणजे थुंकी नेमकी समोरच्याच्या अंगावर जावी. शिंक आली की घाईघाईनं पूर्ण काढत, कारण तो खराब व्हायला नको, एवढे पैसे मोजलेत. रात्री धुऊन दोरीवर वाळत टाकत. दोन-तीन दिवसांत चौकाचौकांत, पंधरा ऑगस्टचे कागदी झेंडे विकणारी पोरं एका हातात झेंडे आणि दुसऱ्या हातात मास्क घेऊन सिग्नलला उभी राहू लागली. मागणी कशाला आहे हे त्यांना कोणत्याही मंत्रालयाआधी कळलं होतं.

या सगळ्यात शांत होत्या त्या पुण्यातल्या दुचाकीवर फिरणाऱ्या मुली. ऊन, धूळ, धूर आणि ओळखीचे काका या चारही संकटांपासून बचाव म्हणून त्या कितीतरी आधीपासून डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं घट्ट बांधत आल्या होत्या. याच प्रथेवर ज्या मंडळींनी पेपरात ‘वाचकांची पत्रं’ लिहून संस्कृतीचा ऱ्हास जाहीर केला होता, तीच आता नातीला विचारत होती, “ती गाठ मागं कशी मारतेस गं?”

शिंकेचं सामाजिक स्थान तर मुळापासून बदललं. पूर्वी बाहेर निघताना कोणी शिंकलं तर माणूस दोन मिनिटं टेकून, घोटभर पाणी पिऊन मग निघे. लहान मूल शिंकलं की आजी ‘शतायुषी हो’ म्हणायची. आता बसमध्ये कोणी शिंकलं की आसपासची चार माणसं पुढच्या थांब्याला उतरून जात आणि शिंकणाऱ्याला बसायला जागा मिळे. या ज्ञानाचा काही जणांनी गैरफायदा घेतला असावा असा मला दाट संशय आहे. आमच्या सोसायटीत फळ्यावर सूचना लागली, ‘सर्दी झालेल्यांनी लिफ्ट वापरू नये. जिन्यात शिंकू नये. – चिटणीस.’ खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, ‘मग कुठे शिंकावे?’ दुसऱ्या दिवशी खडूनं उत्तर आलं, ‘ज्याच्या त्याच्या घरी, व मेंटेनन्सची थकबाकी भरून. – चिटणीस.’ साथीच्या काळात एकत्र जमणं कसं टाळावं, हे ठरवायला मग तळमजल्यावरच्या बंद खोलीत सर्वसाधारण सभा झाली. एरवी कोरम न भरणाऱ्या आमच्या सभेला त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती.

आता सरकारकडे वळू. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवावं लागतं, तसं घाबरलेल्या सरकारला काहीतरी बंद करून दाखवावं लागतं. पण बंद काय करावं? मुंबईत ठरलं की शाळा-महाविद्यालयं आठवडाभर आणि चित्रपटगृहं तीन दिवस. या हिशेबामागचं शास्त्र मी बराच शोधूनही मला सापडलेलं नाही. विद्यार्थ्यातला विषाणू सात दिवसांनी दमतो आणि सिनेमाच्या प्रेक्षकातला तिसऱ्याच दिवशी, असा काहीतरी निष्कर्ष असावा. ‘कमीने’ हा चित्रपट १४ ऑगस्टला यायचा होता. मुंबईत तो पहिल्या दिवशी कुलपाआड राहिला. लोकल मात्र चालू होत्या. चारशे माणसं अंधारात तीन तास एकाच दिशेला तोंड करून बसली तर धोका, आणि विरार लोकलच्या एका डब्यात तेवढीच माणसं एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभी राहिली तर नाही. अर्थात लोकल बंद करणं म्हणजे मुंबई बंद करणं, आणि तेवढी हिंमत तेव्हा कोणात नव्हती. ती पुढं २०२० मध्ये आली.

पुण्यातही शाळांना सुट्टी मिळाली. मुलांनी ती साथीची गांभीर्यानं दखल घेऊन एकत्र साजरी केली. वर्गात साठ जण बसत ते गल्लीत क्रिकेट खेळायला ऐंशी झाले, कारण शेजारच्या शाळेलाही सुट्टी होती. चेंडूला थुंकी लावून चमक आणणारा आमच्या गल्लीतला जलदगती गोलंदाज त्याच आठवड्यात फॉर्मात आला.

रुग्णालयांवरचा ताण हाताबाहेर जायला लागला तशी सरकारनं एक खरोखर शहाणपणाची गोष्ट केली. रुग्णांची वर्गवारी. ‘अ’ म्हणजे सौम्य ताप-सर्दी, ‘ब’ म्हणजे त्याहून जास्त किंवा जोखमीचे, ‘क’ म्हणजे गंभीर. ‘अ’ वर्गाला तपासणी नाही, टॅमिफ्लू नाही. घरी जा, विश्रांती घ्या, इतरांत मिसळू नका. वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक. पण हे अक्षरांत मांडताना पुणेकराच्या मनाचा विचार कोणी केला नव्हता. जन्मभर ‘अ’ तुकडीत बसलेला, ‘अ’ श्रेणीत पास झालेला, मुलाच्या ‘अ’ तुकडीसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर तिष्ठलेला माणूस, आणि त्याला सांगायचं, तुम्ही ‘अ’ वर्गात आहात, तेव्हा तुम्हाला काहीही मिळणार नाही! एक गृहस्थ डॉक्टरांशी हुज्जत घालत होते, “निदान ‘ब’ तरी लिहा, लांबून आलोय.”

या सगळ्याला कायद्याचा आधार होता तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा. त्याच्याशी पुण्याचं नातं जुनं आहे. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी तो केला, आणि त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. साथीतल्या सरकारी उपायांबद्दल पुण्याची नाराजी ही अशी सुरुवातीपासून लेखी आणि तोंडीच्या पलीकडे गेलेली. त्यामानानं २००९ चा बंदोबस्त फारच मवाळ. तोच कायदा वापरून महापालिकेच्या दवाखान्यांत तपासणी केंद्रं उघडली, आणि लोकांची तक्रार एवढीच, की आमच्या वॉर्डातलं केंद्र लांब पडतं. मार्च २०२० मध्ये राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुन्हा पुण्यातच, पुन्हा नायडूतच दाखल झाले, आणि कपाटातून पुन्हा हाच कायदा निघाला. सव्वाशे वर्षांत आपण विषाणूचे जनुक वाचायला शिकलो. पोलिसाच्या हातात द्यायला मात्र तेव्हाही तेच चार कलमांचं चोपडं होतं.

२००९ ची खरी परीक्षा मात्र पुढे होती. शाळा बंद झाल्या त्याच आठवड्यात दहीहंडी, २३ ऑगस्टला गणपती, ३ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. आणि या सगळ्याच्या पुढं, १३ ऑक्टोबरला, विधानसभेचं मतदान. आता तुम्हीच सांगा, मतदानाला सात आठवडे उरले असताना गणपती मंडळांना ‘यंदा नको’ असं सांगणारा माईचा लाल कोणत्या पक्षात असतो? चित्रपटगृहांना आदेश गेला होता. मंडळांना आवाहन गेलं. सिनेमाचे प्रेक्षक एकगठ्ठा मतदान करत नाहीत, हा दोन्हींतला फरक. आवाहनाला काहींनी मान दिला. अनेक मोठ्या आयोजकांनी हंड्या रद्द केल्या, काही ठिकाणी गोविंदांनी तोंडाला मास्क लावून थर रचले. तोंडाला मास्क आणि डोक्याला हेल्मेट नाही, असा तो सुरक्षिततेचा आगळा नमुना होता. पुण्यात गणपती बसले, वाजले आणि विसर्जनही झाले. एका मंडळानं देखाव्यात ‘स्वाइन फ्लूचा राक्षस’ केला होता. तो बघायला एवढी झुंबड उडाली, की स्वयंसेवक कर्ण्यावरून ओरडत होते, “सुरक्षित अंतर ठेवा! मागच्यांनी ढकलू नका!”

मग हळूहळू फ्लू बातम्यांच्या पहिल्या पानावरून आत सरकला, निवडणूक बाहेर आली, आणि घाबरायला दुसरी कारणं मिळाली. १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेला नाही. तो नेहमीच्या फ्लूमध्ये सामील होऊन इथंच राहिला. २००९ मध्ये देशात त्यानं हजाराच्या आत बळी घेतले, २०१० मध्ये सतराशेंवर, आणि २०१५ मध्ये जवळपास तीन हजार. २०१५ साली मुंबई-पुण्यातली चित्रपटगृहं चालू होती, शाळा भरत होत्या, आणि कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी मला कोणाच्या खिशात दिसली नाही. फ्लूची लस दर वर्षी नव्यानं येते, पावसाळ्याआधी घेतलेली बरी. वयस्कर माणूस, मधुमेही किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. या लशीसाठी कुठंही रांग नसते.